धन्याच्या अंगावरचं कापड

खेनुत माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, इदूची बायको. नदीपलीकडच्या विणकरांच्या वस्तीतून ती आमच्या गावात आली तेव्हा तिच्याबरोबर एक माग, दोन चात्या आणि मोठ्यानं हसायची खोड आली. माग माझ्या आईला आवडला. हसणं आवडलं नाही. आमचं गाव हळू बोलणाऱ्यांचं.

कारण आमची घरं धन्याच्या देवळात. धनी म्हणजे ज्या राजाचा पिरॅमिड आमच्या परसामागे वाळूच्या पठारावर उभा आहे तो. त्याला आत ठेवून सात पिढ्या झाल्या. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ जेवण वाढायला जी माणसं नेमली, त्यांचे आम्ही वंशज, आमचे पुरुष सगळे पुजारी. आधी घरं देवळाच्या भिंतीबाहेर होती. पण वाळू आणि चोर दोन्ही वाढत गेले तशी माणसं आत आत सरकली, आणि माझ्या आज्याच्या काळात देवळाच्या चौकातच चुली पेटू लागल्या. राजवाड्यातून जव यायचे, त्याची भाकर आणि बिअर व्हायची, ती दगडी दारापुढे ठेवायची. ते दार नुसतं कोरलेलं, न उघडणारं. त्यातून फक्त धनी येतो. तो जेवला की उरलेलं आमचं. सात पिढ्या आम्ही त्याच्या उष्ट्यावर जगलो आणि त्याची कुणाला लाज नव्हती.

वहिनी बाहेरची. तिला या कशाचं भय नव्हतं. चौकात धन्याची बसलेली दगडी मूर्ती होती, माणसाच्या दुप्पट मोठी. वहिनी ओलं सूत वाळायला त्या मूर्तीच्या मांडीवर ठेवायची. आमचा म्हातारा पुजारी काहेपबाबा एकदा तिच्यावर डाफरला. तर ही म्हणते, "बाबा, सासरा घरात नुसता बसून असला तर त्याच्या मांडीवर नातवंड द्यावं. ते होईस्तोवर सूत धरू दे की त्याला." काहेपबाबा तोंड फिरवून गेला, पण त्याचे खांदे हलत होते ते मी पाहिलं. तेव्हापासून ती धन्याला मामंजीच म्हणायला लागली. वाटेत मूर्ती आली की, मामंजी, जरा सरका, असं म्हणून जायची.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि नणंद होते. तिच्या प्रत्येक गोष्टीत मला खोट दिसायची. ती मला वन्सं म्हणायची, आणि त्या शब्दाला असं काही मीठ-तिखट लावायची की मी चिडलेच पाहिजे.

मग नदी आटली. पहिल्या वर्षी पुराचं पाणी शेताच्या कडेपर्यंत येऊन मागं फिरलं. दुसऱ्या वर्षी कडेपर्यंतही आलं नाही. राजवाड्याची होडी महिन्यातून एकदा येऊ लागली, मग सणाला, मग नाहीच. काहेपबाबा तरीही रोज सकाळी रिकामं तबक घेऊन दगडी दारापुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, हजार भाकरी, हजार घागरी बिअर, हजार बैल, हजार बदकं. ते शब्द बरोबर म्हटले की पुरतं, असं जुनं शास्त्र आहे. धन्याचं पोट त्यानं भरत असेल. आमचं भरत नव्हतं. आम्ही लव्हाळ्याच्या मुळ्या उकडून खात होतो. तिसऱ्या वर्षी आई गेली. त्याच वर्षी वहिनीला मुलगी झाली, खुई.

वहिनीच्या अंगावर दूध कसलं येणार. खुई रात्रंदिवस रडायची. पोटातून येणारं, खरवडल्यासारखं रडणं. भिंतींतून ते चौकभर फिरायचं. वहिनी तिला खांद्यावर टाकून मूर्तीभोवती फेऱ्या मारायची. ती हसायची थांबली होती. मी तिला टोमणे मारायची थांबले होते.

त्याच सुमाराला इदूला काम लागलं. नदीकाठच्या खाणीतल्या दोन पाथरवटांबरोबर तो उत्तरेकडची पडकी भिंत सांधायला जातो, असं त्यानं सांगितलं. सकाळी जायचा, उन्हं कलली की यायचा, पापण्यांपर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेला. भिंत सांधणाऱ्याच्या अंगावर चिखल असतो, धूळ नसते, हे मला तेव्हा सुचलं नाही. वीस-बावीस दिवसांनी ते दोघे पाथरवट होडीत बसून कुठंसे निघून गेले आणि आमच्या घरात जवाची तीन पोती आली. मी काही विचारलं नाही. भुकेला माणूस पोत्याला त्याचं गाव विचारत नाही. मी पीठ दळलं, वहिनीनं भाकरी थापल्या, आणि आम्ही जेवलो. पहिल्या घासाला मला रडू आलं.

पोत्यांच्या मागोमाग इदूनं एक गाठोडंही आणलं. त्यात जवसाच्या सुताचं कापड होतं. एक मोठी चादर आणि बाकी हातभर, दोन हात लांबीच्या पट्ट्या. देवळाच्या जुन्या कोठीत पडलं होतं, पुजाऱ्यांनी वाटून घेतलं, पोरीला होईल, असं तो म्हणाला. वहिनीनं ते हातात घेतलं आणि उन्हात धरलं. ती विणकराची पोर. सुतावरून बोट फिरवत राहिली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, असं सूत आता कुणाला काढता येत नाही. माझ्या आजीच्या आजीला येत असेल. कापडातून पलीकडचा तिचा हात दिसत होता. त्याला राळेचा वास होता, गोड आणि जुनाट.

तिनं खुईला त्यात गुंडाळलं आणि खुई रडायची थांबली.

आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दुपारी आम्ही तिघंही झोपलो, मेल्यासारखे झोपलो. उठलो तरी खुई गप्प होती. संध्याकाळी गप्प. दुसऱ्या दिवशीही. शेजारणी येऊन म्हणाल्या, गुणाची ग पोर. चार दिवसांनी मला तिच्याकडे बघवेना. ती हात अंगालगत सरळ ठेवून पडायची, पाय जुळवून, डोळे उघडे. तान्ही पोरं वळवळतात, मुठी चोखतात. ही नुसती पडून. एकदा तिच्या पापणीवर माशी बसली. माशी डोळ्याच्या कडेवरून चालत गेली आणि खुईनं डोळा मिटला नाही. मी माशी हाकलली. मी वहिनीला काही बोलले नाही. तीही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती मुलीला घेऊन मूर्तीसमोरून जाईना, चौकाच्या कडेकडेनं जायची.

आठव्या दिवशी आम्ही दोघी धुणं घेऊन नदीवर गेलो. खुईला मी पाठीशी बांधलं होतं. वहिनीनं खाराच्या पाण्यात त्या पट्ट्या भिजवल्या. त्यांच्यावर तपकिरी डाग होते, ते काही केल्या जाईनात. ती एकेक पट्टी दगडावर आपटून, पिळून, सरळ करून वाळूवर पसरत होती. आणि पट्ट्या पुन्हा वळत होत्या. ओलं कापड निपचित पडायला हवं. ह्या पट्ट्या हळूहळू गोल गोल फिरून जायच्या, वेलीचा तंतू फिरतो तशा. जुन्या घडीला कापड विसरत नाही हे विणकराला माहीत असतं. वहिनीनं एक पट्टी उचलली आणि ती आपण होऊन वळत होती तशी आपल्या बोटाभोवती वळू दिली.

ती बोटाला नीट बसली. पेरावर पेर, टोकाशी निमुळती.

वहिनी बोटाकडे बघत राहिली. मग तिनं दुसरी पट्टी घेतली, ती अंगठ्याला बसली. मग ती उठली, खुईच्या अंगाभोवतीची मोठी चादर माझ्या पाठीवरून सोडवली आणि काठाकाठानं तपासू लागली. एका कोपऱ्यात शाईची खूण होती, बोटाच्या पेराएवढी. आम्हा दोघींना वाचता येत नाही. पण दोरीचा तो लांबट वेढा आणि त्यातली चार चिन्हं आम्ही रोज बघतो. देवळाच्या दारावर तीच कोरलेली आहेत. ते धन्याचं नाव.

वहिनीनं खुईच्या अंगावरचं सगळं काढलं, आपल्या डोक्याचं फडकं सोडून तिला त्यात घेतलं आणि ओल्या पट्ट्या एकेक करून गोळा केल्या. एकही पट्टी वाळूत राहू दिली नाही. मग आम्ही घरी आलो.

इदू ओट्यावर बसून कांदा-भाकर खात होता. वहिनीनं गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "अंगावरचं काढलंस?"

त्यानं घास चावून गिळला. त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, "सोनं कापडात होतं. कापड न काढता कसं मिळणार?"

"आणि मला आणून दिलंस. पोरीला."

"कापड चांगलं होतं, खेनुत. तूच म्हणालीस." मग त्याचा आवाज चढला. "सात पिढ्या आपण त्याला भाकर घातली. एकदा त्यानं आपल्याला घातली, एवढंच समज. तो मेलाय. आपण मरत होतो."

"त्यानं घातली असती तर मी पाया पडले असते," वहिनी म्हणाली. "तू हिसकावलीस. जव खाल्ले ते खाल्ले, मीपण खाल्ले, ते काही मी ओकून टाकणार नाही. पण म्हातारा माणूस तिथं उघडा पडलाय रे."

इदूनं हातातली भाकर खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघता त्यानं सांगितलं. दगडी पेटीचं झाकण तिघांनी मिळून सरकवलं. कडी मनगटातून निघेनात. पाथरवट म्हणाले, हात मोड. तो त्यानं मोडला. वाळक्या काटकीसारखा मोडेल असं त्याला वाटलं होतं, पण तसा आवाज झाला नाही. आवाज झाला तो कापडाचा. फाडताना ते फार मोठ्यानं फाटत होतं, आणि त्या खोलीतून तो आवाज बाहेर जाईना.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी काहेपबाबाकडे गेली. मी खुईला घेऊन तिच्या मागे. तो दगडी दारापाशी नेहमीसारखा बसला होता. वहिनीनं त्याला विचारलं, मेलेल्या माणसाला गुंडाळताना सुरुवात कुठून करतात. साधा प्रश्न विचारावा तसा विचारला. काहेपबाबानं वर बघितलं. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसऱ्यानं तो तिच्याकडे बघत राहिला.

"डाव्या हातापासून," तो म्हणाला. "आधी करंगळी. प्रत्येक बोट वेगळं, मग पंजा, मग हात. आणि घाई करू नकोस, सूनबाई. घाई त्याला आधीच फार झाली आहे."

मला एकदम कळलं की म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. त्यानं मग तेही सांगितलं. उत्तरेकडून दगडावर दगड आपटल्याचा आवाज त्यानं पहिल्या दिवसापासून ऐकला होता. पण तीन दांडग्या पुरुषांपुढे तो एकटा काय करणार, आणि आत उतरायला त्याच्या गुडघ्यात बळ नव्हतं. म्हणून गेले कित्येक दिवस तो हजार भाकरी, हजार घागरी हे मोठ्यानं ओरडून म्हणत होता. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू येईनासं झालंय. तो म्हणाला, धनी घाबरला असेल, ओळखीचा आवाज तरी कानावर जावा.

त्यानं खुईला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, जा, ही माझ्यापाशी राहील.

भर दुपारी, सगळं गाव झोपलं असताना, आम्ही दोघी उत्तरेच्या बाजूला गेलो. पायथ्याशी वाळूचा ढीग होता, त्याच्याआड भोक. माणूस पोटावर झोपून जाईल एवढंच. वहिनीजवळ गाठोडं, दोन पणत्या, पाण्याचा बुधला आणि एक भाकर. मी बाहेर थांबते असं म्हणाले. वहिनी म्हणाली, "थांबा, वन्सं. पण मग मला आतून हाक मारावीशी वाटली तर मी कुणाला मारू?" पहिल्यांदाच तिनं वन्सं हा शब्द साधा उच्चारला. मी तिच्यामागे आत शिरले.

दगड ओरखडत होते. आधी सपाट, मग उतार, उतारावर हाताखाली खडे घरंगळत पुढे जायचे आणि खाली कुठंतरी पडल्याचा आवाज उशिरानं यायचा. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं. आत गारवाही नव्हता आणि उष्माही नव्हता. श्वास घेतला की राळेचा तोच वास, आमच्या घरात आठ दिवस भरून राहिलेला. शेवटी आम्ही उभं राहता येईल अशा एका खोलीत आलो. तिथून पुढं आणखी एक दार होतं, त्याचा दगड फोडलेला. माझे पाय तिथंच राहिले. वहिनीनं एक पणती माझ्याजवळ ठेवली, दुसरी घेऊन ती आत गेली.

मला ती दिसत नव्हती. भिंतीवर तिच्या पणतीचा उजेड हलताना दिसायचा, एवढंच. आधी बराच वेळ काही नाही. मग तिचा आवाज आला, घरात बोलते तसाच.

"मामंजी, मी खेनुत. इदूची बायको. मूर्तीवर सूत ठेवते ती."

कापडाची सळसळ. मग पुन्हा तिचा आवाज, जरा खाली वाकल्यासारखा. "हा हात माझ्या नवऱ्यानं मोडला. मी बांधते आहे. दुखलं तर सांगा."

मी भिंतीला पाठ लावून बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ती मधूनमधून काहीबाही बोलत होती. हे बोट झालं, आता दुसरं. पट्टी धुतली आहे पण डाग गेले नाहीत. वर नदीला पाणी नाही. म्हाताऱ्या आजारी माणसाला न्हाऊ घालताना बाया बोलतात तसं. मग ती बोलायची थांबली. आणि थांबली ती ऐकायला थांबल्यासारखी थांबली.

ती म्हणाली, "हो."

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. "हो."

मी कान देऊन ऐकत होते, शपथेवर सांगते. पणतीची वात तडतडत होती तेवढीच. दुसरा आवाज नव्हता. मग फार वेळानं, पार खालच्या, ओल्या आवाजात ती तिसऱ्यांदा म्हणाली, "हो."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर झगा नव्हता, कमरेला नुसती दोरी आणि फडकं. पाथरवटांनी बरंचसं कापड जाळलं होतं, ते तिला आत गेल्यावर कळलं. तिनं एवढंच सांगितलं, "कमी पडलं." मी माझी ओढणी तिला दिली. परत सरपटत वर येताना मी पुढे होते, ती मागे. मध्येच मला वाटलं, तिच्याही मागे कुणी येतंय. मी विचारलं नाही, आणि मागे वळून बघायला तिथं जागाच नव्हती. हे एक बरं होतं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी हातांनी दगड आणि वाळू ढकलून ते भोक बुजवलं. नंतर चार दिवस दुपारी जाऊन आणखी बुजवलं. तिसऱ्या दिवशी खुई रडली. साऱ्या चौकानं कपाळाला हात लावला आणि आम्ही देवाचे आभार मानले. तिला पुढे काही झालं नाही. चांगली वाढली, खाली नदीच्या मुखाकडच्या मुलखात दिली, पाच लेकरं आहेत. पण अजूनही झोपताना हात अंगालगत सरळ ठेवूनच झोपते. तिचा नवरा पहिल्या वर्षी रोज उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघायचा.

इदूचं मात्र बरं झालं नाही. तो बोलायचा, हसायचा, कामाला जायचा. पण वहिनी मागावरचं कापड उतरवून फाडायला बसली की तो घरातून उठून जायचा. पुढे तिनं फाडायचं सोडलं, सुरीनं कापायची. तरी शेजारी कुणी चिंधी फाडली की हा जेवता जेवता ताट सोडून उठे. दीड वर्षानं त्याला ताप आला. नदीला त्या साली पाणी आलं होतं, घरात खायला होतं, ताप साधा वाटला. अकराव्या दिवशी त्यानं वहिनीचा हात धरून सांगितलं, "मला तिकडे पुरू नकोस. पठारावर नको. तो मला ओळखेल."

वहिनी म्हणाली, अरे, वाळूतच माणूस टिकतो. नदीकाठच्या काळ्या मातीत पुरलं तर पुराच्या पाण्यात वर्षभरात हाडंसुद्धा विरघळतील, मग पलीकडे जाणार कोण? इदू म्हणाला, "न गेलेलं बरं." आमच्यात असं कुणी मागत नाही. शत्रूलाही कुणी असं मरण देत नाही. वहिनीनं त्याला काळ्या मातीत पुरलं. तिनं त्याच्या अंगाबरहुकूम शिवलेलं कापड वापरलं, कुठं फाडावं लागू नये म्हणून. त्या वर्षी पूर मोठा आला आणि जागा ओळखू येईनाशी झाली.

काहेपबाबा गेल्यावर तबक वहिनीकडे आलं. कुणी दिलं नाही, तिनंच उचललं. बाईनं ते शब्द म्हणायचे नसतात, पण म्हणणारा पुरुष उरला नव्हता. आम्ही दोघी एकाच चुलीवर म्हाताऱ्या होत गेलो. एकदा लसूण सोलता सोलता मी धीर करून विचारलं, वहिनी, तू आत तीनदा हो म्हणालीस, ते कशाला? तिनं चार पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "पहिल्यांदा त्यांनी विचारलं, बाहेर ऊन आहे का." उरलेल्या दोहोंचं तिनं सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही, कारण मला पहिलंच पुरे झालं. कित्येक दिवस भर दुपारी अंगणात आले की मला ते आठवायचं आणि ऊन सोसवेनासं व्हायचं.

मग वरच्या प्रांताच्या नव्या सरदाराची माणसं आली. पिरॅमिडच्या अंगावरचे पांढरे घोटीव दगड त्यांना सरदाराच्या घरासाठी हवे होते. ते त्यांनी काढले, कुणी अडवलं नाही. पण मुकादमाला उत्तरेकडचा बुजवलेला ढीग दिसला आणि त्यानं माणसांना कुदळी आणायला सांगितलं. सारं गाव बघायला जमलं. तेव्हा वहिनी काठी टेकत पुढे गेली आणि ढिगावर जाऊन बसली.

मुकादम म्हणाला, "उठ म्हातारे, तुझा कुणी आहे का आत?"

"सासरा आहे," वहिनी म्हणाली. लोक हसले. ती थांबली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सोनं होतं ते माझ्या नवऱ्यानं नेलं, इदूनं, इथल्याच पुजाऱ्यानं. चाळीस वर्षं झाली. जव घेतले त्याचे, मी खाल्ले. आता आत एक म्हातारा माणूस आहे आणि माझा झगा आहे. दहा दिवस खणून तेवढंच मिळेल. बघ, परवडतंय का."

मुकादमानं तिच्या तोंडाकडे बघितलं. असं खोटं कुणी बोलत नाही, आपल्या घराला काळं फासून. तो माणसांना घेऊन दुसऱ्या बाजूला गेला.

धनी वाचला. आम्ही नाही. ज्यांच्या बापांनी तेव्हा आमच्याच पोत्यातले दोन दोन पसे जव हातात घेतले होते, ते आमच्या दारावरून जाताना थुंकायला लागले. आमच्या चुलीचा विस्तव कुणी नेईना. मी वहिनीवर फार चिडले. इदू माझा सख्खा भाऊ. मेलेल्या माणसाचं नाव ही एकच ठेव, तीही तिनं चौकात आपटून फोडली, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "अगं मेरेत, ते नाव मी इथं फोडलं नसतं तर तिथं आतला माणूस पुन्हा फुटला असता. इदूला चालेल. त्याला मी ओळखते." त्यावर मी तीन महिने तिच्याशी बोलले नाही. एका घरात, एका चुलीवर, तीन महिने. त्याचं मला आज वाईट वाटतं.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत मी विचारलं, तुला कुठं ठेवू. इदूजवळ, काळ्या मातीत? मला वाटलं, हो म्हणेल. ती म्हणाली, नको, मला पठारावर ठेव, धन्याच्या जितकं जवळ जमेल तितकं. मला जरा लागलंच ते. म्हटलं, नवऱ्यापेक्षा सासरा मोठा झाला का?

ती हसली. आई जिवंत होती तेव्हा हसायची तसं, मोठ्यानं, मग खोकला आला. "इदूला तिथं यायचं धाडस नाही," ती म्हणाली. "मग त्याच्या बाजूनं कुणीतरी जाऊन बोलायला नको?"

खुई आली होती, तिच्या पोरांनी खड्डा खणला. उत्तरेच्या बाजूला, ढिगापासून वीस पावलांवर. गावातलं कुणी आलं नाही.

आता तबक माझ्याकडे आहे. हजार भाकरी, हजार घागरी मी म्हणते, आधी धन्याचं नाव घेऊन, मग वहिनीचं. भाकर एकच असते, ती दुपारी मीच खाते. इदूचं नाव मात्र मी तिथं घेत नाही. त्यासाठी नदीवर जाते, पाण्याच्या कडेला वाकते, आणि पठारापर्यंत ऐकू जाणार नाही इतक्या हळू घेते.